भाड्याच्या घराला फायर डिपार्टमेंटचं बिल: भरायचं कोणी?

प्रश्न
न्यू जर्सीत दोन कुटुंबांचं घर भाड्याने दिलंय. वरच्या मजल्यावर फोडणीच्या धुराने अलार्म वाजला आणि अग्निशमनची गाडी आली, वर्षात तिसऱ्यांदा. आता टाउनशिपकडून (गावाच्या स्थानिक प्रशासनाकडून) ३०० डॉलरचं बिल माझ्या नावावर आलंय, मुदत ३० दिवस. विमा देईल का? भाडेकरूच्या डिपॉझिटमधून कापता येईल का?

उत्तर १
आधी बिल कशाचं आहे ते पाहा. खोट्या अलार्मचं शुल्क, दंड, तपासणीची फी आणि प्रत्यक्ष आगीच्या कामाचा खर्च या चार वेगळ्या गोष्टी आहेत. बिलावर ऑर्डिनन्सचं (टाउनशिपच्या स्थानिक कायद्याचं) कलम, घटनेची तारीख आणि घटना क्रमांक असायला हवा. नसेल तर टाउनशिपच्या क्लार्ककडे ओप्रा अर्ज (सरकारी कागद मागवण्याच्या न्यू जर्सीच्या कायद्याखालचा अर्ज) करून घटना अहवाल मागवा. त्यांना साधारण ७ कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ऑर्डिनन्समध्ये वर्षाला किती खोटे अलार्म माफ आहेत ते वाचा आणि आधीचे दोन कॉल खरंच त्याच वर्षात मोडतात का ते मोजा. वर्ष कॅलेंडरचं की मागच्या १२ महिन्यांचं, यावर बिल टिकतं किंवा पडतं. अपिलाची मुदत मात्र अहवालाची वाट पाहत घालवू नका. एका पानाचं लेखी अपील आधी द्या, कागद मागाहून जोडा.

बिल तसंच ठेवून देऊ नका. काही गावांत थकलेली रक्कम मालमत्ता करात चढवतात.

उत्तर २
विम्यावर भिस्त ठेवू नका. डीपी-३ या भाड्याच्या घरांसाठीच्या विमा पॉलिसीच्या प्रमाणित मसुद्यात 'फायर डिपार्टमेंट सर्व्हिस चार्ज' म्हणून ५०० डॉलरपर्यंत मिळतात, त्याला डिडक्टिबलही (आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम) नाही. हे वाचून अनेक जण खूश होतात, पण पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे: ज्या गावाचं दल धावून आलं, त्याच गावाच्या हद्दीत घर असेल तर हे कलम लागू नाही. शिवाय ते करारानं अंगावर घेतलेल्या खर्चासाठी आहे आणि विम्यात धरलेल्या संकटापासून घर वाचवायला दल बोलावलं असेल तरच. फोडणीचा धूर त्यात बसत नाही.

डिपॉझिटला भाडेकरू राहत असताना हात लावू नका. तो पैसा त्यांचा आहे. घर सोडल्यावर ३० दिवसांत कपातीच्या तपशिलासह परत द्यावा लागतो, आणि चुकीची कपात ठरली तर कोर्ट तेवढ्या रकमेच्या दुप्पट देववतं. असं शुल्क भाडेकरूकडून घ्यायचं तर करारात स्पष्ट लिहिलेलं हवं. तसं असेल तर बिलाची प्रत जोडून लेखी मागा. नसेल तर या वेळी तुम्हीच भरा आणि पुढच्या करारात कलम घाला.

टॅक्समध्ये भाड्याच्या घराचं सेवाशुल्क शेड्यूल ई (भाड्याच्या उत्पन्नाचा फॉर्म) मध्ये खर्च म्हणून दाखवता येतं, सरकारी दंड नाही. म्हणून पावतीवर नेमका कुठला शब्द आहे ते बघून घ्या.

उत्तर ३
पुढचं बिल टाळायचं असेल तर अलार्म कुठे बसवलाय ते मोजा. शेगडीपासून १० फुटांच्या आत नको. १० ते २० फुटांत असेल तर फोटोइलेक्ट्रिक (प्रकाशानं धूर ओळखणारा) किंवा आवाज तात्पुरता बंद करण्याचं बटण असलेला हवा. शॉवर असलेल्या बाथरूमच्या दारापासून ३ फूट दूर, नाहीतर वाफेनंही वाजतो. मागे छापलेली तारीख बघा. १० वर्षं झाली असतील तर बदला. वायरवर चालणारा अलार्म काढून त्या जागी नुसता बॅटरीचा लावू नका, तपासणीत नापास होतो.

चिमणीचाही विचार करा. हवा फिल्टरमधून परत खोलीतच सोडणारा हूड फोडणीपुढे काही कामाचा नाही. बाहेर डक्ट असलेलाच बसवा.

आणि गाडी कोणी बोलावली तेही विचारा. साधा घरगुती अलार्म फक्त वाजतो, दलाला फोन करत नाही. अलार्मवर लक्ष ठेवणाऱ्या देखरेख कंपनीनं कळवलं असेल तर त्यांच्याकडे कोणाचे नंबर आहेत ते तपासा. बरेचदा जुन्या भाडेकरूचाच नंबर राहिलेला असतो, तो उचलत नाही आणि गाडी निघते. दोन्ही मजल्यांचे चालू नंबर आजच लेखी कळवा.