शेंगा चटणी दुकानात ठेवायची आहे : दुसऱ्या गटाचा फूड लायसन्स नंबर आमच्या पाकिटावर चालेल का?

बार्शीची_चटणी

नमस्कार. आमचा दहा जणींचा बचत गट आहे. शेंगदाण्याची चटणी करतो, उखळात कुटून, तेल सुटेपर्यंत. आतापर्यंत ओळखीत आणि जत्रेत विकली. आता एक दुकानदार पाव किलोची पाकिटं ठेवायला तयार आहे, पण त्याला पाकिटावर १४ आकडी नंबर हवा. शेजारच्या गावातला पापडाचा गट म्हणतो, "आमचाच नंबर छापा, काही होत नाही." आमचा स्वतःचा नंबर काढून द्यायला एजंटनं सांगितलेली रक्कम आम्हाला झेपणारी नाही. काय करावं? शिवाय लेबल फक्त मराठीत छापलं तर चालेल ना?

पंढरपूर_किराणा

ताई, दुसऱ्याचा नंबर अजिबात छापू नका. आम्ही दुकानदार तो नंबर साइटवर टाकून बघतो. तुमच्या चटणीच्या पाकिटावर पापडवाल्यांचं नाव-पत्ता निघाला की माल तिथूनच परत. तपासणी झालीच तर दोन्ही गट अडकतील.

प्रयोगशाळेतला_काका

ताई, माझी सगळी नोकरी अन्नाचे नमुने तपासण्यात गेली. आता तुमच्यासारख्या गटांना कागदपत्रांत आणि स्वयंपाकघरात मदत करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नंबर माल जिथे तयार होतो त्या जागेचा असतो, पापडवाल्यांचा तुम्हाला लागू होत नाही. लहान व्यवसायाला नोंदणी पुरते, तिचा नंबर २ ने सुरू होतो. मोठ्यांच्या परवान्याचा १ ने. फॉस्कॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी साइटवर 'फॉर्म ए', म्हणजे नोंदणीचा अर्ज, स्वतः भरा. गटातल्या कुणाची कॉलेजात जाणारी मुलगी असेल तर तिला सोबत घेऊन बसा. सरकारी फी अगदी किरकोळ आहे, एजंट पैसे घेतो ते फॉर्म भरण्याचे.

फक्त मराठी लेबल चालणार नाही. आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत हवीच, त्यासोबत मराठी खुशाल घाला. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहा, म्हणजे शेंगदाणे पहिले. ॲलर्जीच्या सूचनेत शेंगदाण्याचा उल्लेख वेगळा करा, तो चुकवू नका. काहींना शेंगदाणा जिवावर बेततो. हिरवं शाकाहारी चिन्ह, बॅच नंबर, तयार केल्याची आणि वापराची अंतिम तारीख, नाव-पत्ता, पोषणमूल्यांचा तक्ता हेही लागतं. एमआरपी, निव्वळ वजन, प्रति ग्रॅम किंमत आणि तक्रारीसाठी फोन हे वैधमापनचे, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचे नियम. त्यांच्याकडे पॅकर, म्हणजे माल पाकिटात भरणारे, म्हणून वेगळी नोंदणी असते आणि वजनकाट्याला दरवर्षी शिक्का मारून घ्यावा लागतो. फूड नंबर मिळाला की सगळं झालं असं समजून बरेच गट इथेच थांबतात.

पण मला खरी काळजी तुमच्या शेंगदाण्याची आहे. काढणीच्या वेळी पाऊस लागला किंवा शेंगा नीट वाळल्या नाहीत, की दाण्यावर ॲस्परजिलस नावाची बुरशी वाढते. ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते, आणि ते वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. भाजल्यानं ते पूर्ण जात नाही. खायला तयार शेंगदाण्यात त्याची मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम आहे. विष सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, मोजक्या खराब दाण्यांतच भरपूर असतं. कुटताना तेच दाणे अख्ख्या घाण्यात मिसळतात. म्हणून निवडणं हीच तुमची सगळ्यात मोठी अन्नसुरक्षा.

दोनदा निवडा. भाजण्याआधी सुरकुतलेले, बुरशी धरलेले, कीड लागलेले काढा. भाजून साल पाखडल्यावर पुन्हा परातीत पसरून बघा; साल असताना न दिसलेले काळपट, पिवळट दाणे आता उजेडात दिसतात. चवीला कडू लागला तो थुंकून टाका आणि ती परात पुन्हा निवडा. पोती जमिनीवर नकोत, फळीवर आणि भिंतीपासून हातभर लांब. आणि लसूण वर्तमानपत्रावर वाळवत असाल तर आजच बंद करा, शाई अन्नाला लागते. स्वच्छ सुती कापड घ्या.

तिखट सुटं आणू नका, ज्याचा परवाना आहे त्याच्याकडून बिलासह घ्या. कुठल्या पोत्याचे दाणे कुठल्या बॅचला गेले हे वहीत लिहा. उद्या तक्रार आली तर सगळा माल परत मागवायची वेळ येणार नाही, तेवढीच बॅच मागवाल.

बार्शीची_चटणी

काका, मनापासून आभार. साल काढल्यावर आम्ही कधीच निवडत नव्हतो. दोन गोष्टी विचारते. अंतिम तारीख किती दिवसांनंतरची टाकायची? आणि निवडून काढलेले दाणे आम्ही म्हशीला घालतो, ते चालतं ना?

प्रयोगशाळेतला_काका

तारीख अंदाजानं टाकू नका. एकाच बॅचची काही पाकिटं दुकानात ठेवतात तशाच उघड्या रॅकवर ठेवा, उन्हाळ्यातसुद्धा. दर पंधरवड्याला एक फोडा, वास घ्या, चव बघा. खवट वास ज्या पाकिटाला आला, त्याच्या बऱ्याच आधीची तारीख छापा. त्याच बॅचचं पाकीट एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्या. शेंगदाण्याचा नमुना देताना मात्र एका पोत्यातून मूठभर उचलू नका. सगळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून थोडे थोडे घेऊन एकत्र करा.

म्हशीला मात्र ते दाणे घालू नका, ताई. ते विष दुधात उतरतं, आणि दूध तुमच्याच घरातली पोरं पितात. तेलघाण्यालाही देऊ नका, कारण त्याची पेंड शेवटी कुणाच्या तरी गोठ्यातच जाते. खड्डा करून पुरून टाका.