अनुभव धागा: लांबच्या सायकल सफरीचे शेवटचे शंभर किलोमीटर

मंडळी, सफरींची वर्णनं आपण सगळ्यांनीच भरपूर वाचली आहेत. सामानाची यादी, पहिला मोठा घाट, पहिलं पंक्चर यावर पानंच्या पानं असतात. मग शेवटी लेखकाला अचानक घाई होते, 'अशा रीतीने आम्ही पोचलो' म्हणून एक फोटो टाकतो आणि सुटतो. मला नेमकं तिथलंच ऐकायचंय. मुक्काम टप्प्यात आला की पायांचं काय होतं, डोक्याचं काय होतं, सोबत्यांशी पटतं का? अंतराची, वेगाची अट नाही. फक्त 'अवर्णनीय' हा शब्द टाळा, वर्णन करायलाच तर बोलावलंय.

सुरुवात मीच करते. मनाली-लेह. बारालाचा, नकी ला, लाचुंग ला या खिंडी मागे पडल्या आणि 5,328 मीटरवरचा तंगलंग ला चढून झाला की सगळे एकमेकांचं अभिनंदन करून टाकतात. पुढे रुमत्सेपर्यंत नुसता उतार. कितीतरी दिवसांनी जवाची हिरवी शेतं दिसतात, श्वासही पुरा येतो. उपशीला सिंधू भेटते. तिथून लेह पन्नासेक किलोमीटर, तेही प्रवाहाच्या दिशेने. मग काय, मनाने मी उपशीलाच पोचले होते. ठिकसेची गोंपा (बौद्ध मठ) गेली, शे गाव गेलं. पण चोगलमसरनंतर रस्ता नदीला सोडून लेहकडे चढायला लागतो. चढ असा की मनालीच्या बाजूला त्याला आम्ही चढ म्हटलंही नसतं. शेजारून लष्कराचे ट्रक, टॅक्सींचे हॉर्न, धूर. पाच हजार मीटरवर एकदाही न रडलेली मी त्या सात-आठ किलोमीटरमध्ये चिडून रडले. पायांना 'संपलं' असं सांगून झालं होतं, ते आता ऐकेनात. लेहच्या बाजारात पोचल्यावर पहिलं काय केलं? जर्दाळू घेतले आणि फुटपाथवर बसून अर्धा किलो संपवले.

*

ताई, धागा छान. आमचं पुणे-कन्याकुमारी, ऑगस्टमधलं. ऑगस्ट मुद्दाम लिहिलंय, कारण तिरुनेलवेली सोडल्यावर जे भोगलं ते त्या महिन्याचं देणं. वल्लियूर, पणगुडी, कावलकिनारू या पट्ट्यात पवनचक्क्यांचं रानच आहे, आणि त्या तिथे का उभारल्यात ते सायकलवाल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. पश्चिम घाट तिथे संपत आलेला असतो आणि आरलवायमोळीच्या खिंडीतून नैर्ऋत्य मोसमी वारा घुसतो. आपण दक्षिणेला चाललेलो, त्यामुळे तो समोरून न येता उजव्या कुशीत बसतो. समोरचा वारा परवडला. त्यात निदान मान खाली घालून रेटता येतं. इथे सायकल उजवीकडे कलवूनच चालवावी लागते. मागून ट्रक आला की तो वारा अडवतो, टेकायला काही उरत नाही आणि आपण क्षणभर त्याच्याच अंगावर झुकतो. ट्रक पुढे गेला की फाडकन थप्पड बसते, थेट रस्त्याच्या कडेच्या खडीत. आम्ही दोन ट्रकनंतर शहाणे झालो. मागून आवाज आला की हँडल घट्ट धरायचं, पेडल थांबवायचं आणि डाव्या पांढऱ्या पट्टीकडे बघत राहायचं. गप्पा बंद, गाणी बंद.

शेवटच्या दिवशी ग्रुपमध्ये शर्यत लागते, हे आणखी एक. कुणी कबूल करत नाही, पण लागते. आमच्यातल्या काकांनी आदल्या रात्रीच जाहीर केलं होतं, 'पुढे मी राहीन, ज्याला मला ओलांडायचंय त्याने परतीचं तिकीट स्वतंत्र काढावं.' काका एकसष्ट वर्षांचे. त्या वाऱ्यात त्यांचा वेग ताशी बारा आणि मागे आम्ही सगळे मुकाट. आता वाटतं, त्यामुळेच सगळे धड पोचलो. समुद्र खवळलेला म्हणून बोट बंद होती. विवेकानंद शिला काठावरूनच पाहिली. 1970 सालच्या त्या स्मारकामागे एकनाथजी रानडे, आपल्या अमरावती जिल्ह्यातले, हे काकांनी तिथल्या चहावाल्याला मराठीतून समजावलं. त्याने मान डोलावली.

*

रेवस-रेडी सागरी मार्गाने गोवा. शेवटी मला काहीही वाटलं नाही. खरंच. कोकणात प्रत्येक खाडीवर आधी समुद्रपातळीपर्यंत उतरायचं, तरीत बसायचं, पलीकडे पुन्हा भिंतीसारखा चढ. दिघी, वेश्वी, दाभोळ, जयगड असं करत करत माणूस इतका पिळून निघतो की तेरेखोलची फेरी ही फक्त आणखी एक फेरी असते. केरीला उतरलो, सोलकढी प्यायलो, झोपलो. सगळ्यांना भरून येतंच असं नाही, म्हणून लिहिलं.

*

मी नर्मदा परिक्रमा सायकलवर केली. वय अठ्ठावन्न, गुडघे त्याहून मोठे. ओंकारेश्वरला दक्षिण तटावरून निघताना समोरच्या बेटावरचं मंदिर दिसतं, पण परिक्रमेत मैया ओलांडायची नाही, म्हणून तिकडे जायचं नाही. म्हणजे दर्शनाची उधारी ठेवूनच सुरुवात. सागराशी नावेतून उत्तर तटावर, तिथून अमरकंटक, आणि मग परत दक्षिण तट. नर्मदापुरम मागे पडलं आणि माझा वेग घटायला लागला. कारण पायात नव्हतं. 'माताराम, चाय प्रसादी लेती जाओ' म्हणून कुणी हाक मारली की आधी मी हात जोडून पुढे जायची, आता हाकेआधीच ब्रेक दाबत होते. एका ओसरीवर तर चहा झाल्यावर बाईंसोबत तुरीच्या शेंगाही सोलल्या. मुलाचा रोज फोन, 'आई, किती राहिलं?' मी आकडा वाढवून सांगायची. घरी गेल्यावर पुन्हा गॅस, दूधवाला, सोसायटीची मीटिंग. इथे रोज कुणीतरी आयतं जेवू घालत होतं, आणि बाईमाणसाला ही चैन किती वेळा मिळते सांगा! शेवटी ओंकारेश्वरला सोबतच्या बाटलीतलं नर्मदाजल वाहिलं, कढाई (शिऱ्याचा प्रसाद) केली, कन्याभोजन झालं. मुलगा गाडी घेऊन न्यायला आला होता. त्याला म्हटलं, सायकल गाडीत टाक, मी खांडव्यापर्यंत पुढे बसणार नाही, मागे झोपणार.

*

काकू, नर्मदे हर! मी इंग्लंडात असतो. इथे लँड्स एंड ते जॉन ओ'ग्रोट्स ही प्रसिद्ध वाट, नेहमीच्या रस्त्यांनी सुमारे 1,400 किलोमीटर. बहुतेक लोक दक्षिणेकडून उत्तरेला जातात, कारण वारा बहुधा नैर्ऋत्येचा. मी वायव्य स्कॉटलंडमधून गेलो. बेटीहिलनंतर चढउतार जीव काढतात, थर्सोपासून जरा सपाट. गंमत अशी की जॉन ओ'ग्रोट्स हे ब्रिटनच्या मुख्य भूमीचं उत्तर टोकही नाही. ते डनेट हेड, वाटेतच डावीकडे फुटतं. बहुतेक जण घाईत ते टाळतात, मी गेलो. दीपगृह, कडा, समोर ऑर्कनी बेटं आणि माणूस एक नाही. जॉन ओ'ग्रोट्सला मात्र दिशादर्शक खांबापाशी फोटोची रांग. रांगेत माझ्यामागे मोटरसायकलवाले, त्यांच्या मागे बसमधून आलेलं आजी-आजोबांचं मंडळ. आजोबांनी विचारलं, 'कुठून आलास?' मी लँड्स एंड म्हणालो, तर म्हणाले, 'आम्हीपण.' फोटो झाला आणि मग लक्षात येतं की इथे रेल्वे नाही. स्टेशन असलेल्या विक गावापर्यंत पुन्हा सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर मारायचे, आणि गाडीत सायकलीच्या जागा मोजक्या, त्याही आधी राखून ठेवायच्या. जाणाऱ्यांनी आरक्षण विकहून करावं, आणि ते शेवटचे किलोमीटर हिशेबात धरावेत.

*

लेहहून विमानाने सायकल आणायची कशी, असं वर एका ताईंनी मला व्यनित (खासगी निरोपात) विचारलंय, इथेच उत्तर देतो. खोका स्थानिक सायकल दुकानात मागा, नसेल तर टीव्हीचा मोठा पुठ्ठा फाडून जोडा. पुढचं चाक काढा, हँडल वळवून बांधा, टायरमधली हवा कमी करा. पेडल काढायचं काम शेवटच्या रात्रीपर्यंत ठेवू नका, आदल्या दिवशीच सैल करून बघा. इतक्या प्रवासानंतर ती गंजून घट्ट बसलेली असतात. उजवं पेडल नेहमीसारखं सुटतं, डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. पाना लांब दांड्याचा घ्या. पाने आणि स्क्रूड्रायव्हर केबिन बॅगेत ठेवू नका, खोक्यात घाला.