ऑफिससाठी छोटा चाकू: कोणता घ्यावा? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

*ए-३०२*
नमस्कार, जरा वेगळा प्रश्न आहे. आमच्या ऑफिसात रोज सॅम्पलची दहा-बारा पार्सलं येतात. आजवर किल्लीनेच टेप फाडायचे, काल ती किल्ली वाकली. एखादा छोटा घडीचा चाकू घ्यावा म्हणते. पण टेबलावर चाकू दिसला की लोक दचकतात, तेही नको. कुणी वापरतं का?

*बी-१०४*
ताई, सरळ सरकता कटर घ्या. साधं काम.

*ए-३०२*
होता ना. पर्समध्ये त्याचं पातं आपोआप पुढे सरकलं आणि अस्तर फाटलं. बोट नाही कापलं हे नशीब.

*डी-४०२*
कात्री पुरत नाही का?

*सी-५०१*
ताई, मी बारा वर्षं खिशात चाकू बाळगतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझा पहिला चाकू काळा होता. पातं आठ-नऊ सेंटीमीटरचं, अर्ध्या धारेला करवतीसारखे दात, पात्यावर अंगठ्यासाठी गुंडी. एका हाताने उघडायचा आणि उघडला की खट्ट असा आवाज. एकदा शेजारच्या टेबलावरच्या ताईंच्या नावाचं पाकीट आलं, मी मदत म्हणून तो काढला आणि उघडला. त्यांनी खुर्ची मागे ढकलली. तोंडाने काही बोलल्या नाहीत, पण दोन्ही हात छातीशी घेतले होते. मला फार वाईट वाटलं. मी टेप कापत होतो, पण त्यांना दिसलं ते पातं. तो चाकू मी पुन्हा ऑफिसात नेला नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: ऑफिसातला चाकू आपल्यापेक्षा समोरच्याच्या नजरेने निवडायचा.

*सी-५०१*
आपण कापतो काय? टेप, कुरिअरची प्लास्टिकची पिशवी, सुतळी, केबल टाय, कपड्याचा सुटलेला दोरा. ह्यातल्या कशालाही चार सेंटीमीटरपेक्षा मोठं पातं लागत नाही. उलट लांब पातं टेपखाली खोल जातं आणि आतली वस्तूच कापतं. तुमची सॅम्पलं आहेत, तेव्हा हे महत्त्वाचं.

म्हणून माझं उत्तर: व्हिक्टोरिनॉक्स ह्या स्विस कंपनीचा क्लासिक एसडी, तो छोटा लाल घडीचा चाकू. बंद असताना ५८ मिलिमीटर, वजन साधारण २१ ग्रॅम. किल्ल्यांच्या जुडग्यात राहतो. छोटं पातं, कात्री, नखांची कानस आणि तिच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर, चिमटा, दात कोरायची काडी. पातं नखाने खाचेतून ओढून, दोन्ही हातांनी, सावकाश उघडावं लागतं. ह्या सावकाश उघडण्यामुळेच कुणी दचकत नाही. आणि डी-४०२, तुमचं अर्धं बरोबर आहे. माझी निम्मी कामं ह्यातल्या कात्रीनेच होतात. कात्री दिसली की लोकांना ती वस्तू स्टेशनरीतलीच वाटते.

*बी-२०३*
मी तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, म्हणून थोडी भर. व्हिक्टोरिनॉक्सचे संस्थापक कार्ल एल्सेनर ह्यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडच्या इबाख गावात कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले. आज आपण ओळखतो तो प्रकार १८९७ चा, हलका, अधिकाऱ्यांसाठी केलेला. गंमत म्हणजे तो सैन्याने अधिकाऱ्यांना अधिकृतपणे दिलाच नाही, ते स्वतः विकत घेत. मुद्दा असा की एवढी वर्षं हा लाल आकार लोकांनी अवजार म्हणूनच पाहिलाय. ही ओळख तुमच्या कामाची आहे, बेटा. काळा घेऊ नकोस.

ह्यांचं पोलाद मुद्दाम थोडं मऊ ठेवतात, रॉकवेल ह्या कडकपणाच्या मापावर ५६ च्या आसपास. धार लवकर जाते, पण लवकर लागतेही. पुठ्ठा धारेचा मोठा शत्रू आहे. शक्यतो टेपच काप, पुठ्ठ्यात घालू नकोस.

*ए-४०१*
मला तर लाकडी मुठीचे ते फ्रेंच ओपिनेल आवडतात. फळं कापायच्या सुरीसारखे दिसतात, भीती वाटत नाही.

*बी-२०३*
वहिनी, सुंदरच असतात. पण ६ नंबरपासून पुढे फिरती कडी असते, ती फिरवली की पातं जागेवर घट्ट बसतं, आणि ६ नंबरचं पातंच सात सेंटीमीटरचं. टेबलावर ते मोठं दिसतं. शिवाय कार्बन पोलादाचं घेतलं तर ओलं ठेवून चालत नाही, गंजतं. घ्यायचाच तर लहान नंबरातला, स्टेनलेस.

*डी-३०१*
मी ऑफिसांची सुरक्षा आणि प्रशासन बघते. कृपा करून हे आधी वाचा. चाकू घेण्याआधी ऑफिसला ईमेलने विचारा, "पार्सल उघडायला चार सेंटीमीटरहून लहान पात्याचा, कात्री असलेला चाकू ठेवला तर चालेल का?" माप लिहा, फोटो जोडा. तोंडी होकारावर राहू नका. काही ठिकाणी पातं कितीही लहान असो, मनाईच असते. तिथे नियम पाळायचा, टोक नसलेली कात्री ठेवायची.

आणि विमानप्रवासाच्या आदल्या रात्री किल्ल्यांचं जुडगं तपासा. हातातल्या बॅगेत पातं सापडलं की तिथेच सोडून यावं लागतं. इतक्या लोकांचे असे गेलेले पाहिलेत मी. जे सतत फिरतात त्यांच्यासाठी जेटसेटर नावाचं पातंच नसलेलं मॉडेल आहे.

*ए-३०२*
डी-३०१ ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आजच ईमेल करते.

*ए-४०१*
त्या छोट्या क्लासिकला ओपिनेलसारखं पातं अडवणारं लॉक नसतं ना, मग पातं बोटावर मिटलं तर?

*सी-५०१*
काकू, बरोबर विचारलंत. पातं फक्त मागच्या स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं. म्हणून टोकाने भोसकायचं नाही, पात्याच्या पाठीवर जोर द्यायचा नाही. टेपच्या फटीत धार ठेवून आपल्या अंगापासून दूर ओढायचं, एवढंच. केबल टायला तर पातं लावूच नका, कात्रीच घ्या. टाय अचानक तुटतो आणि जोर लावलेला हात थेट पुढे जातो. माझ्या डाव्या तर्जनीवर त्याचा व्रण आहे.

दुसऱ्याला देताना बंद करून द्या. मागितला तरी शक्यतो "आणा, मी कापून देतो" म्हणा. आणि काम झालं की लगेच मिटा, उघडा टेबलावर ठेवून फोन घेऊ नका.

*बी-१०४*
टेपचा चिकटा पात्यावर बसतो त्याचं काय करता?

*सी-५०१*
सॅनिटायझरमध्ये भिजवलेला कपडा. पाठीकडून धारेकडे पुसायचं, उलट नाही.

*बी-२०३*
आणि धार गेली तर घरातला चिनीमातीचा मग पालथा घालायचा. तळाला खरखरीत कडं असतं, त्यावर चकाकी नसते. १५ ते २० अंशांत पातं तिरकं धरून दोन्ही बाजूंनी सात-आठ हलके हात. एवढ्याशा पात्याला तेवढं पुरतं.

*ए-३०२*
ऑफिसचं उत्तर आलं! चार सेंटीमीटरच्या आतलं पातं चालेल, पण दिवसा ड्रॉवरमध्ये ठेवायचा आणि मीटिंग रूममध्ये न्यायचा नाही. मी निळा मागवतेय.

*सी-५०१*
छान. नवीन असताना स्प्रिंग फार घट्ट असते, नख मोडेल. सांध्यात तेलाचा एक थेंब टाका आणि घरीच पंधरा-वीस वेळा उघड-मीट करा, मग ऑफिसात न्या.