विषय चालतो, गावाचं नाव चालत नाही: शास्त्रज्ञांनी बोलावं की गप्प बसावं?

नेरुळची_लेक

आमच्या सोसायटीत उन्हाळ्याच्या तोंडावर एक व्याख्यान ठेवलं होतं. बोलणार होती माझी मावसबहीण. ती एका सरकारी संशोधन संस्थेत हवामानाच्या नोंदींवर काम करते. तिची तिसरी स्लाइड खारघरची होती. १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्र भूषण सोहळा, उघडं मैदान, भर दुपार, उष्माघाताचे १४ बळी. दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणून खाडीकाठचं ऊन थर्मामीटरवर दिसतं त्याहून जास्त लागतं. हे तिला याच उदाहरणावरून समजावून सांगायचं होतं. आमच्या मजल्यावरच्या काकू त्या दिवशी त्या मैदानावर होत्या. डोक्यावर ओला पंचा होता म्हणून वाचले, असं त्या अजून सांगतात.

आदल्या रात्री साडेआठला तिला ऑफिसातून फोन आला. "विषय छान आहे. ती स्लाइड तेवढी काढा. डीपीएस तलावाचा फोटोही नको." (हा आमच्या नेरुळचा फ्लेमिंगोंचा तलाव.) लेखी काहीच नाही. तिने दोन्ही काढलं. चाळीस मिनिटं ती जगाच्या तापमानावर बोलली. शेवटी एका आजींनी विचारलं, "आपल्या नेरुळात किती वाढलंय गं?" ही हातातल्या रिमोटकडे बघत म्हणाली, "स्थानिक आकडे हवामान खात्याकडे मिळतील." आकडे तिच्या लॅपटॉपमध्ये होते. मी समोरच बसले होते, मला रडूच आलं.

असं सगळीकडेच होतं. अमेरिकेत फिलिप कूनी नावाचा वकील आधी तेल कंपन्यांच्या संघटनेत होता, मग व्हाइट हाउसच्या पर्यावरण विभागात आला. शास्त्रज्ञांच्या अहवालांत तो शंका पेरणारे शब्द घालायचा. २००५ मध्ये ते उघड झालं, त्याने राजीनामा दिला आणि तो एक्सॉनमोबिलमध्ये गेला. आपल्याकडे उत्तराखंडमधलं जोशीमठ घ्या. २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचली, असा इस्रोच्या केंद्राचा उपग्रहांवरचा अहवाल आला आणि लगेच संकेतस्थळावरून काढला गेला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने संस्थांना कळवलं की माध्यमांशी बोलू नका, माहिती देऊ नका. ज्यांच्या भिंतींना भेगा पडल्या त्यांनाच आकडा कळायचा नाही, हे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

कोपरीचा_अभियंता

ताई, बहिणीबद्दल सहानुभूती आहे, पण मी उलट बाजूने लिहितो. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली. सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायची नाही, हे वर्तणूक नियमांत लिहिलेलं असतं आणि त्याखाली सही करूनच आपण पगार घेतो. जोशीमठात लोक थंडीत घरं सोडून बाहेर पडले होते. अशा वेळी पाच संस्थांनी पाच आकडे दिले तर घबराट होते. एकाच तोंडाने बोला, असं सांगणं म्हणजे मुस्कटदाबी नव्हे.

दुसरं म्हणजे शास्त्रज्ञ एकदा घोषणा द्यायला लागला की त्याच्या आलेखावरचा विश्वास कमी होतो. नासाचे हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन २०११ मध्ये व्हाइट हाउसबाहेर तेलाच्या पाइपलाइनविरोधी आंदोलनात अटक करून घेतात. मग उद्या त्यांचा शोधनिबंध वाचताना मी काय समजू? हा माणूस मोजतोय की लढतोय? २००९ मध्ये ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामान शास्त्रज्ञांचे ईमेल फुटले तेव्हाही हेच दिसलं. टीकाकारांना माहिती द्यायची टाळाटाळ चालली होती. चौकशी समितीनेही मोकळेपणा कमी पडल्याचं म्हटलं.

नेरुळची_लेक

काका, त्याच समितीने शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, असंही म्हटलं, तेही लिहा ना. मोकळेपणा कमी पडला हे मला मान्य आहे. म्हणून तर म्हणते, आकडे लपवू नका.

आणि हॅन्सन यांचा क्रम बघा. १९८८ मध्ये त्यांनी सिनेटसमोर सांगितलं की पृथ्वी तापते आहे. १९८९ मध्ये त्यांच्या लेखी साक्षीत व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने परस्पर बदल केले. २००५-०६ मध्ये त्यांची भाषणं, लेख, मुलाखती आधी तपासून घ्यायचा हुकूम नासातूनच निघाला. रस्त्यावरची अटक यानंतरची आहे. वीस वर्षं सांगून झाल्यावर माणूस रस्त्यावर बसला, तर तुम्ही प्रश्न त्यालाच विचारणार?

माझी बहीण तर घोषणासुद्धा देत नव्हती. तारीख आणि मैदानाचं नाव एवढंच होतं त्या स्लाइडवर.

उलवेकर

मी प्रकल्पग्रस्त. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावठाणं उठली, त्यातलं एक माझं. टेकडी सुरुंगाने फोडली, नदी वळवली, भांडी फळीवरून खाली यायची इतके हादरे बसायचे. तेव्हा एकही शास्त्रज्ञ माझ्या ओटीवर मोजमाप घेऊन आला नाही. फ्लेमिंगो मेले की नेरुळ-सीवूड्समधली माणसं मेणबत्त्या घेऊन उभी राहतात. भरावामुळे आमच्या पोरांची खाडीतली मासळी गेली तेव्हा कुठे होती ती? आम्हाला विमानतळ हवाच होता, नोकऱ्या हव्यात, हेही स्पष्ट सांगतो.

आंदोलन आम्हाला कुणी शिकवू नये. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या, तेव्हा जानेवारी १९८४ मध्ये आमचे नेते दि. बा. पाटील साहेबांच्या मागे जासई-दास्तानला आमचे लोक उभे राहिले, पाच जण गोळीबारात गेले, त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. तुमच्या पर्यावरणवाल्यांच्या याचिका इंग्रजीत असतात. गावात येऊन मराठीत बोला, मग बघू.

नेरुळची_लेक

दादा, हे मला लागलं, आणि खरं आहे. डीपीएस तलाव जवळपास तीस एकरांचा. भरतीचं पाणी आत यायची वाट बुजली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथे भेगाळलेला चिखल उरला. फ्लेमिंगो रस्त्यावर भरकटून मेले. तेव्हा मीही तिथे उभी होते. मासळीसाठी कधी उभी राहिले नाही.

पण भरतीची वाट बुजली की पक्षी आणि मासळी दोन्ही जातात. हे मोजून सांगणारा माणूस गप्प केला तर नुकसान तुमचं आधी होतं. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. त्यात निर्णय ग्रामसभांकडे न्या, असं म्हटलं होतं. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने तो दाबून ठेवला. माहिती अधिकारात मागितला तरी देईनात, माहिती आयोगाला आदेश काढावा लागला, तेव्हा २०१२ मध्ये तो बाहेर आला. ज्या ग्रामसभांसाठी तो लिहिला, त्यांनाच तो वाचायला नव्हता. मग शेतकऱ्यांत अफवाच आधी पोचल्या की घर बांधता येणार नाही, गुरं पाळता येणार नाहीत.

कोपरीचा_अभियंता

गाडगीळ अहवालाबाबत मान्य करतो. करदात्यांच्या पैशातून केलेला अहवाल ठरलेल्या मुदतीत जाहीर झालाच पाहिजे, त्याला गोपनीयतेचं कारण नाही. पण व्याख्यानात कुठलं उदाहरण घ्यायचं ते संस्थेने ठरवणं आणि अहवाल दाबणं, या दोन गोष्टी मी एका तागडीत घालणार नाही. खारघरचं प्रकरण राजकीय होतं. तिथे पोळून निघते ती संस्था, बोलणारी व्यक्ती मोकळी राहते.

नेरुळची_लेक

मोकळी कुठली काका? पुढच्या बदलीच्या यादीची धास्ती तिलाच आहे.

उलवेकर

ताई, बहिणीला आमच्या समाजमंदिरात आणा. खुर्च्या आमच्या, चहा आमचा. भरतीची पातळी आणि दुपारचं ऊन, दोन्हीचे आकडे आणायला सांगा. बायका खाडीत जातात, त्यांना किती वाजेपर्यंत चिखलात उभं राहायचं तेवढं सांगितलं तरी पुरे.

नेरुळची_लेक

तिला विचारलं. ती म्हणाली, सुट्टीच्या रविवारी येईन, पण शेवटच्या रांगेत बसेन. फलकावर नाव नको. जाहीर झालेले आकडे ती मला काढून देते आहे, कुठला आकडा कुठून घेतला तेही लिहून. वाचायचे मी. कोपरीचे काका, तुम्हीही या, कुठे चुकले तर तिथेच थांबवा.