ऑलदो नंतर बट का चालत नाही?

प्रश्न: दहावीच्या मुलांचं ग्रामर घेतेय. सगळे 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट आउट' असंच लिहितात, चूक आहे म्हणून सांगते पण का ते नीट पटवून देता येत नाहीये, कोणी सांगेल का?

रिप्लाय: मराठीत जरी-तरी जोडीनेच येतं ना, म्हणून तरीच्या जागी बट घुसतं. इंग्लिशमध्ये दोन क्लॉजना (उपवाक्यांना) एकच जोड पुरतो. ऑलदो लावलं की तो क्लॉज सबऑर्डिनेट झाला, एकटा उभा राहू शकत नाही, आणि बट तर बरोबरीचे दोन क्लॉज जोडतं, मग दोन्ही एकत्र कसे येणार? मुलांकडून आधी ऑलदो खोडून घ्या, उरतं ते कंपाउंड (संयुक्त) वाक्य, मग ऑलदो ठेवून बट खोडा की झालं कॉम्प्लेक्स (मिश्र) वाक्य. फळ्यावर एकाखाली एक लिहिलं की पटकन कळतं.

रिप्लाय: बरोबर, फक्त ऑलदो नंतर यट आलं तर कापू नका हं, जरा जुनं वाटतं पण चालतं.

रिप्लाय: अनलेस पण बघून घ्या, 'अनलेस यू डोन्ट स्टडी' सर्रास दिसतं. अनलेसमध्येच नकार आहे, 'अनलेस यू स्टडी, यू विल फेल' बास.

प्रश्नकर्ती: खोडून दाखवायचं फारच आवडलं, उद्याच घेते!