मदत हवी आहे: दहावी, धावणं आणि वहीवरच्या डुलक्या

नमस्कार मंडळी. मुलगी दहावीत आहे, 3000 मीटर धावते. आम्ही नाशिकचे, धावपटू कविता राऊतचं नाव ऐकत वाढलेली पोर, तिला धावणं सोड म्हणायची माझी तरी हिंमत नाही. पहाटे साडेचारला उठून मैदान, मग शाळा, क्लास, झोपायला अकरा. म्हणजे जेमतेम साडेपाच तास, आणि या वयाला आठ ते दहा लागतात. संध्याकाळी बीजगणित उघडलं की पाच मिनिटांत पेन रेघ ओढत वहीवरून घसरतं. सासूबाई म्हणतात, पळणं बंद करा. पण पावसाने सराव बुडाला त्या आठवड्यात चिडचिड दुप्पट आणि अभ्यास शून्य!

गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन 10.2 आलं, 12 तरी हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात; जेवणाबरोबरचा चहा बंद, लिंबू सुरू. पाळीत अंगावरून जास्त जातं, पण धावण्याच्या सरांना सांगायला लाजते.

ज्यांची मुलं खेळत खेळत दहावी झाली त्यांनी सांगा: सराव संध्याकाळी नेलात का? सरांशी हा विषय कसा काढलात? आणि डब्यात काय देता? नाचणीच्या भाकरीकडे आता ती बघतसुद्धा नाही.