'ऑटोमॅटिक आहे' एवढ्यावर जुनी गाडी घ्यायची का?

तापीकाठ (जळगाव):
रविवारी मावसभावाबरोबर मारुतीची जुनी ब्रेझा बघायला गेलो होतो. विकणारा म्हणाला, "ऑटोमॅटिक आहे, डोळे झाकून घ्या." मी विचारलं, कुठलं ऑटोमॅटिक? तर म्हणे, "क्लच नाही, अजून काय पाहिजे?" भाऊ तेवढ्यावर टोकन द्यायला खिशात हात घालत होता. मी थांबवला.

ब्रेझात ऑटोमॅटिक तीन तऱ्हेचं मिळतं. 2018 मध्ये डिझेलला एएमटी आलं, म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्रणा स्वतः टाकते. 2020 मध्ये पेट्रोल आली, तिला चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लच प्लेटऐवजी तेलातून ताकद पोचवणारा. 2022 च्या नव्या ब्रेझाला सहा गिअरचा. गाडीचं नाव एक, पण चालवायला आणि दुरुस्तीला तिन्ही वेगळ्या. आणि क्लचचं पेडल नाही म्हणजे ऑटोमॅटिक, हेही खरं नाही. व्हेन्यू आणि सोनेट या गाड्यांच्या आयएमटी गिअरबॉक्सला पेडल नसतं, पण गिअर आपणच हाताने टाकायचे असतात.

मी लिव्हर बघितला. आर, एन, डी, एम. पार्किंगचा 'पी' नाहीच. मग चालवून बघितली. पहिल्यातून दुसरा पडताना ओढ क्षणभर तुटली आणि मान पुढे गेली. म्हणजे एएमटी. गाडी 2019 ची डिझेल, तिच्यात दुसरं ऑटोमॅटिक असूच शकत नव्हतं.

गिअरबॉक्स कोणत्या जातीचा, हे कळल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

पाना_भुसावळ:
बावीस वर्षं गाड्या खोलतोय, म्हणून स्पष्ट लिहितो. मला हे पटत नाही. जात ओळखून गाडीची तब्येत कळत नाही. उत्तम टॉर्क कन्व्हर्टर तेल न बदलता चालवला की संपतो, आणि जपून चालवलेलं एएमटी वर्षानुवर्षं त्रास देत नाही. गिऱ्हाईक इंटरनेटवर चार नावं वाचून येतं, सर्व्हिसची बिलं मात्र मागत नाही. आधी बिलं बघा, लिफ्टवर चढवून गळती बघा. जात मेकॅनिक सांगेल.

घाटवाट (चाळीसगाव):
दादा, तब्येत महत्त्वाची हे मान्य. पण जात चुकली तर तब्येत बिघडायला वेळ लागत नाही. आमच्या घरी एएमटी आहे. मागच्या मे महिन्यात पाच माणसं, टपावर सामान, आणि कन्नडचा घाट. पुढे भरलेला ट्रक, मागे रांग. मी डीमध्ये ठेवून फक्त ॲक्सिलेटरवर गाडी चढावर धरून ठेवत होतो. दहा मिनिटांत जळका वास आला. वडील शेजारून म्हणाले, "हाऊ कन्नडना घाट शे भाऊ, सपाट रस्ता नही."

नंतर समजलं की आत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो आणि साधीच क्लच प्लेट. फक्त पायाऐवजी मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा ती दाबते. चढावर ॲक्सिलेटरवर गाडी धरली की प्लेट घसरत राहते. ब्रेकवर थांबायचं, हँडब्रेक लावून निघायचं, लिव्हर एममध्ये (हाताने गिअर निवडायच्या जागी) घेऊन पहिल्यातच चढायचं. हे आधी कळलं असतं तर प्लेट वाचली असती. म्हणून मी तापीकाठच्या बाजूने.

केळीबाग (रावेर):
एवढं शिकायचंच कशाला? मॅन्युअल घ्या. आमच्याकडे केळीच्या पिकअपचा क्लच गावातला मिस्त्री दिवसभरात बदलून देतो. ऑटोमॅटिक बंद पडली तर टो करून मोठं शहर गाठा.

शिक्षिका_शहादा:
केळीबाग दादा, माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. रोज शाळेत जायला गाडी लागते. मला मॅन्युअल घ्या म्हणणं म्हणजे गाडीच चालवू नका म्हणण्यासारखं आहे. प्रत्येकाची गरज वेगळी असते. मला तापीकाठ यांनी सांगितलं तेच हवं होतं. मला सीव्हीटी दाखवली आहे, ठरावीक गिअर नसलेलं ऑटोमॅटिक म्हणे. ती कशी ओळखायची?

तापीकाठ:
ताई, जोरात ॲक्सिलेटर दाबा. इंजिनचा आवाज एकदम चढून तिथेच राहिला आणि वेग मागून वाढत गेला, तर बहुतेक सीव्हीटी. काही नव्या सीव्हीटी मुद्दाम गिअर बदलल्यासारख्या पायऱ्या दाखवतात, म्हणून व्हेरियंटचं नावही तपासा. आरसीवर मॉडेलच्या नावात बऱ्याचदा एटी, एएमटी, सीव्हीटी असं लिहिलेलं असतं. आणि कंपन्या आपापली नावं देतात. मारुतीचं एजीएस म्हणजे एएमटी, ह्युंदाईचं आयव्हीटी म्हणजे सीव्हीटी, टाटाचं डीसीए म्हणजे दोन क्लचचं.

पाना_भुसावळ:
ताईंना एक सांगतो, आणि इथे मी तापीकाठचं म्हणणं मान्य करतो. सीव्हीटीत दोन पुल्यांवर पोलादी पट्टा चालतो. त्याला सीव्हीटीचंच तेल लागतं. एका गाडीत कोणीतरी साधं ऑटोमॅटिकचं तेल भरलेलं होतं. नट उघडला तर तेल काळं आणि त्यात चकाकणारी धातूची पूड. पूर्ण गिअरबॉक्स गेला. तिथे जात न ओळखण्याचीच किंमत मोजावी लागली. तरी बिल मागा, हे मी सोडणार नाही.

गुणोत्तर_धुळे:
जातीइतकेच आकडेही वाचा. लोक 'सहा गिअर' ऐकून खूश होतात. समजा पहिल्या गिअरचं गुणोत्तर 3.5 आणि फायनल ड्राइव्हचं, म्हणजे गिअरबॉक्सनंतर चाकांकडे जाणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीचं, 4.1 आहे. गुणाकार 14.35. म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिन चौदा वेळा फिरतं, आणि कोंडाईबारीचा घाट चढताना हाच आकडा कामाला येतो. शेवटचा 0.75 असेल तर गुणाकार जेमतेम 3.1, तो धुळे-सुरत महामार्गावर डिझेल वाचवतो. टॉर्कची, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराची, मर्यादाही बघा. फोक्सवॅगनचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचाच गिअरबॉक्स) 250 न्यूटन-मीटरपर्यंतचा आहे. इंजिन ट्यून करून टॉर्क त्याच्यावर नेलेली जुनी गाडी मी तरी घेणार नाही.

केळीबाग:
गुडघ्याचं खरं आहे ताई, माझं बोलणं मागे घेतो. पण स्वतःसाठी मी मॅन्युअलच घेणार.

तापीकाठ:
ब्रेझावाल्याला आज फोन केला. क्लच बदलल्याचं बिल मागितलं, आणि क्लच बदलल्यावर स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरला त्याची सेटिंग परत शिकवली का, तेही विचारलं. म्हणाला, शोधून सांगतो. गाडी नव्वद हजार किलोमीटर चाललेली आहे. बिल मिळालं नाही तर नव्या क्लचचा खर्च भावातून वजा करायला सांगणार आहे. पाना भाऊ, शनिवारी गाडी तुमच्या लिफ्टवर आणली तर चालेल का?